चुकीचा निर्णय आणि पैशांचा संशय: पंच संघटनेने कधी बोलावं, कधी थांबावं?

मॅच संपून तास झालेला नाही, निर्णयाची क्लिप सगळीकडे फिरतेय आणि पंच संघटनेचे अध्यक्ष म्हणून फोन तुमचाच वाजतोय. लगेच बोलायचं की चौकशीपर्यंत थांबायचं? त्याआधी एक गोष्ट पाहा: पंचाची नजर चुकली आहे, की त्याच्या प्रामाणिकपणावरच बोट ठेवलं जातंय?

नजर चुकली असेल तर त्याच दिवशी बोला. इंग्लंडमधल्या फुटबॉलमध्ये ३० सप्टेंबर २०२३ रोजी टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुईस दियाझचा वैध गोल ऑफसाइड ठरला. मैदानावर गोल दिलाय अशाच समजुतीत व्हिडिओ पंचाने ‘चेक कम्प्लीट’ (तपासणी पूर्ण, मैदानावरचा निर्णय कायम) म्हटलं. चूक कळली तेव्हा खेळ पुन्हा सुरू झाला होता. इंग्लंडमधल्या पंचांच्या ‘पीजीएमओएल’ या संस्थेने त्याच संध्याकाळी चूक मान्य केली आणि ३ ऑक्टोबरला पंचांच्या संभाषणाचं रेकॉर्डिंग खुलं केलं. टीका झालीच, पण घोळ नेमका कुठे झाला हे लोकांना स्वतःच्या कानांनी ऐकता आलं. सारवासारव करून हे साधलं नसतं.

मात्र चूक मान्य करताना आपला माणूस एकटा पडू देऊ नका. २०१५च्या रग्बी विश्वचषकात ऑस्ट्रेलियाने स्कॉटलंडला ३५-३४ असं हरवलं, ते शेवटच्या मिनिटांतल्या पेनल्टीवर. दुसऱ्याच दिवशी वर्ल्ड रग्बी या खेळाच्या जागतिक संस्थेने पंच क्रेग जुबेरचा तो निर्णय चुकीचा होता असं जाहीर केलं. नियमानुसार त्याला तिथे व्हिडिओची मदत घेताच येत नव्हती, हेही सांगितलं. तरी माजी पंच चिडले: त्यालाच एकट्याला का पुढे केलं? मला त्यांचा राग पटतो.

याउलट बेसबॉलमध्ये २ जून २०१० रोजी पंच जिम जॉयसच्या चुकीमुळे गोलंदाज (पिचर) अर्मांडो गलारागाचा ‘परफेक्ट गेम’, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या एकाही फलंदाजाला बेसवर पोहोचू न देणारा सामना, शेवटच्या फलंदाजावर हुकला. रिप्ले पाहून जॉयसने स्वतःच कबुली दिली. दुसऱ्या दिवशी गलारागा संघाची यादी द्यायला त्याच्याकडे आला, तेव्हा जॉयस डोळे पुसत होता. पंचाची तयारी असेल तर त्याला बोलू द्या, शेजारी तुम्ही उभे राहा.

संशय पैशांचा असेल तर सगळं उलटं. अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगचा पंच टिम डोनाघी स्वतः काम पाहिलेल्या सामन्यांवर पैसे लावत होता. २००७ मध्ये प्रकरण उघड झालं, २००८ मध्ये त्याला १५ महिन्यांची शिक्षा झाली. अशा वेळी ‘आमचा माणूस असं करणारच नाही’ हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका, दोषीही ठरवू नका. त्याला सामने देणं थांबवा, चौकशी बाहेरच्यांकडे सोपवा आणि जाहीरपणे तेवढंच सांगा. त्याचा वकील वेगळा, संघटनेचा वेगळा. दोघांचं हित इथे एक राहत नाही, आणि नेमकं हेच घाईत विसरलं जातं.

एक काम मात्र दोन्हीकडे सारखं आहे. धमक्या पंचाच्या घरापर्यंत पोहोचतात, म्हणून पत्ता-नंबर संघटनेच्या जाहीर यादीतून लगेच काढा. आणि त्या रात्री त्याच्याजवळ कोण थांबणार, त्याचं नाव हंगाम सुरू होण्याआधीच लिहून ठेवा.