सोलर इन्व्हर्टर आणि ट्यूब्युलर बॅटऱ्या: खारघरच्या पावसाळ्यानंतरचा अनुभव

रो-हाऊसच्या गच्चीवर पॅनल, जिन्याखाली १५० एएचच्या (अँपिअर-तास, म्हणजे क्षमता) दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या (पाणी घालायच्या लेड-अ‍ॅसिड), सिरीजमध्ये जोडून २४ व्होल्ट. उन्हाळ्यात बसवलं, आता दिवाळी होऊन गेली. बॅकअपचं कौतुक करत बसत नाही, आमच्याकडे लाइट तशी फार जात नाही. सांगायचंय ते चार्जिंगचं.

बिल वाचावं म्हणून बहुतेक जण ‘सोलर प्रायॉरिटी’ लावतात. घर आधी पॅनल-बॅटरीवर चालतं, बॅटरी ठरलेल्या व्होल्टेजखाली गेली की मगच ग्रिड, म्हणजे कंपनीची वीज. मे महिन्यात हे झकास! दुपारपर्यंत २८.८ व्होल्ट गाठून करंट उतरायला लागायचा, म्हणजे बॅटरी भरत आली. पण जुलैत पांडवकड्यावर ढग बसले की पॅनलवर जेमतेम पंखे निघतात. बॅटरी रात्री उतरते, दिवसा अर्धीमुर्धी भरते, परत उतरते. डिस्प्लेवर चारातल्या तीन दांड्या दिसतात, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही.

काय होतं ते बघायचं म्हणून महिनाभर सेटिंग मुद्दाम तसंच ठेवलं. मे महिन्यात प्रत्येक सेलची (बॅटरीतल्या कप्प्याची) ग्रॅव्हिटी, म्हणजे हायड्रोमीटरने मोजलेली अ‍ॅसिडची घनता, १२४०च्या आसपास होती; सेल जितका भरलेला तितकी ती जास्त. जुलैअखेर ११९०, आणि एक सेल त्याहून खाली.

बॅटरी उतरताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट धरतं. ताजं, बारीक असेतोवर चार्जिंगने ते परत अ‍ॅसिडमध्ये जातं. आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं तर खडे मोठे आणि कडक होतात, मग प्लेटचा तेवढा भाग गेलाच समजा. म्हणजे बॅटरी वापरून कमी, अर्धपोटी ठेवून जास्त मरते.

मग ग्रिड चार्जिंग चालू केलं, करंट १५ अँपिअर, म्हणजे क्षमतेच्या दहा टक्के. २८.८ला पोचल्यावर लगेच थांबवायचं नाही. करंट दोन-तीन अँपिअरवर येईपर्यंत काही तास तिथेच धरायचं. त्यानंतर ३१ व्होल्टवर इक्वलायझेशन, म्हणजे सगळे सेल एका पातळीवर आणायला मुद्दाम केलेलं जादा चार्जिंग. तेव्हा सेल खदखदतात, हायड्रोजन सुटतो, म्हणून दार-खिडकी उघडी आणि जवळ देवाचा दिवासुद्धा नको. सीलबंद बॅटरीवर हा प्रयोग अजिबात करू नका. बाकी सेल १२३५पर्यंत आले, तो एक १२१५वरच अडकलाय.

दुकानदाराने सल्फेशन (प्लेटांवरचं ते कडक सल्फेट) घालवणारा पल्सवाला डबा सुचवला होता. नाही घेतला, हायड्रोमीटर त्याहून कितीतरी स्वस्त आणि जास्त कामाचा. पाणी डिस्टिल्डच, आरओचं नाही, आणि टॉप-अप फुल चार्ज झाल्यावर.

इन्व्हर्टरची जमेची बाजू म्हणजे तापमानाचा प्रोब. जिन्याखाली उकडायला लागलं की चार्जिंग व्होल्टेज आपोआप उतरतं, त्यामुळे उन्हाळ्यातही पाणी बेताचंच लागलं. खटकलं ते एकच: पंधरा दिवसांतून एकदा ग्रिडवरून स्वतःहून फुल चार्ज करायची सोय नाही, हाताने करावं लागतं. या किमतीत ती हवीच होती.

सध्या ऊन चांगलं आहे, परत सोलर प्रायॉरिटीवर टाकलंय. ग्रिडवर जायचं व्होल्टेज मात्र वाढवून २४.६ केलंय.