फर्मच्या नावावर पोस्टपेड: एजन्सीत वापरून आलेला अनुभव

सांगलीत आमची किराणा-बिस्किटांची एजन्सी आहे. जत, आटपाडी, शिराळा आणि शहर अशा लाइन, म्हणजे सेल्समनचे फिरायचे मार्ग. सेल्समन, गोडाउन, ऑफिस असे सगळे नंबर दिवाळीपासून फर्मच्या नावावरच्या कॉर्पोरेट पोस्टपेडवर आहेत. घेताना ज्याला विचारलं तो जीबीवरच बोलला. वापरून झाल्यावर मी म्हणेन, जीबी सगळ्यात शेवटी बघा. नंबर कोणाच्या नावावर, बिलावर जीएसटी नंबर कोणाचा आणि आपल्या लाइनवर रेंज आहे का, एवढं आधी.

पूर्वी पोरांचे स्वतःचे प्रीपेड नंबर होते, रिचार्ज आम्ही मारायचो. २८ दिवसांची व्हॅलिडिटी म्हणजे माणशी वर्षाला १३ रिचार्ज, त्यात प्रत्येकाची तारीख वेगळी. ऐन ऑर्डरच्या वेळी कोणाचं तरी आउटगोइंग बंद. ते एक वेळ चालवून घेतलं असतं. पण दुकानदार एजन्सीला नाही, नंबरला ओळखतो. जतचा सेल्समन सोडून दुसऱ्या एजन्सीत गेला आणि आमचे दुकानदार चिठ्ठीचा फोटो त्यालाच व्हॉट्सॲप करत राहिले. पेमेंटचे तगादे आमच्याकडे, ऑर्डर त्याच्याकडे!

आता पोरांचे नंबर त्यांच्याकडेच ठेवलेत आणि ड्युअल सिममध्ये दुसरं सिम फर्मचं. माणूस बदलला तरी नंबर तोच राहतो. फक्त नव्या माणसाची केवायसी करून घ्यावी लागते. दूरसंचार विभागाने २०२३ मध्ये नियम बदलले, तेव्हापासून फर्मची कागदपत्रं देऊन गठ्ठ्याने सिम उचलता येत नाहीत, प्रत्यक्ष वापरणाऱ्याची केवायसी झाल्याशिवाय सिम चालू होत नाही. थोडी कटकट आहे, पण उद्या त्या नंबरवरून काही भानगड झाली तर तो कोणाच्या हातात होता हे कागदावर असतं.

एक बारकी गोष्ट, जी सिम विकणारा सांगणार नाही. माणूस सोडून जाताना सिमबरोबर व्हॉट्सॲपचा टू-स्टेप पिनही मागून घ्या. सिम आपल्या हातात, ओटीपीही येतो, आणि पुढे सहा आकडी पिन विचारतो. तो माहीत नसेल तर सात दिवस थांबा. सणाच्या आठवड्यात हे झालं तर काय होईल ते सांगायला नको. आमच्याकडे आता पिन ऑफिसच ठरवतं आणि वहीत लिहून ठेवतं.

पैशाचं बोलायचं तर पोस्टपेडचा भाव जीएसटी सोडून सांगतात, प्रीपेडचा धरून. समजा ३९९ चा प्लॅन असेल तर १८ टक्के धरून तो ४७१ ला पडतो. वरचे ७२ रुपये इनपुट क्रेडिटमध्ये, म्हणजे आपण भरायच्या जीएसटीतून वजा होऊन, परत मिळतात, पण बिलावर फर्मचा जीएसटीआयएन (जीएसटी नंबर) असेल तरच. आमची सुरुवातीची बिलं त्याशिवाय आली. अर्जात नंबर स्वच्छ लिहिलेला, कंपनीच्या सिस्टिममध्ये चढलाच नाही. टूबीमध्ये (जीएसटी पोर्टलवर मिळणाऱ्या क्रेडिटची यादी) काही दिसेना म्हणून अकाउंटंटने पकडलं. दुरुस्तीला हेलपाटे झाले, ज्याने सिम विकलं तो प्रतिनिधी तोवर बदलून गेला होता. शेवटी १९८ या मोबाइल कंपनीच्या तक्रार नंबरवर तक्रार टाकून डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घेतला, तेव्हा कुठे हललं. आधीच्या बिलांचं क्रेडिट गेलं ते गेलंच. म्हणून पहिलं बिल आलं की रक्कम नंतर बघा, आधी जीएसटीआयएन बघा. मालकाच्या वैयक्तिक नावावरचा फॅमिली प्लॅन कागदावर स्वस्त दिसतो, त्यात हे क्रेडिटचं गणितच बसत नाही.

रेंज: शहर आणि आटपाडी ठीक. जत लाइनला उमदीकडे गेलं की फोन कर्नाटकचं नेटवर्क पकडतो. रोमिंगचा वेगळा चार्ज लागेल ही धास्ती होती, पण लागला नाही. शिराळा लाइनला मात्र कोकरूडच्या पुढे आमच्या कंपनीचं नेट रडतं, ऑर्डरचं ॲप नुसतं गोल फिरत राहतं. एकाच कंपनीचे सगळे नंबर घेतले तर भाव चांगला मिळतो, तरी त्या एका लाइनला दुसऱ्या कंपनीचं सिम घेणार आहे. तुम्हीही आधी एक साधं प्रीपेड सिम घेऊन सगळ्या लाइन फिरवून आणा, मग सही करा.

डेटा? पुरून उरतो. ऑर्डरचं ॲप, व्हॉट्सॲप आणि नकाशा याला लागतं किती! उरलेला रील्समध्ये जातो, त्यावर इलाज नाही.

दोन-तीनच नंबर असतील आणि तुम्ही कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांसाठीची ठोक दराने जीएसटी भरायची योजना) असाल, तर क्रेडिट मिळतच नाही. अशांनी लांब व्हॅलिडिटीचं प्रीपेड मारावं, फक्त सिम मालकाच्या नावावर घ्यावं.