टेलर ब्रेस: सासूबाईंच्या पाठीवरचे चार महिने आणि त्यानंतरचे वर्ष

हाडांच्या ठिसूळपणामुळे मणका दबलेल्या माणसासाठी टेलर ब्रेस, म्हणजे पाठ सरळ धरून ठेवणारा पट्ट्यांचा आधार, घ्यावा की नाही, घेतला तर त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवावी, हे आम्हाला त्या वेळी कोणी नीट सांगितले नव्हते. म्हणून दीड वर्षाच्या अनुभवानंतर हे परीक्षण लिहीत आहे. कंपनीचे आणि दुकानाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मला जे म्हणायचे आहे ते या प्रकारच्या कोणत्याही ब्रेसला लागू पडते.

माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. मार्गशीर्षात अमळनेरच्या घरी दादरचे, म्हणजे रब्बी ज्वारीचे, अर्धे पोते वाकून सरकवताना त्यांच्या पाठीत कळ आली आणि त्या जागीच बसल्या. पडल्या नाहीत, कुठे मार लागला नाही, त्यामुळे कंबर धरली असेल असे समजून आम्ही तीन आठवडे शेक, लेप आणि दुखणे थांबवणाऱ्या गोळ्यांवर काढले. शेवटी जळगावला एक्स-रे काढला, तेव्हा पाठीचा बारावा आणि कमरेचा पहिला असे दोन मणके पुढच्या बाजूने पाचरीसारखे दबलेले दिसले. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडाच्या तुलनेतला आकडा, उणे ३.४ आला. तो उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा, म्हणतात. इतके ठिसूळ हाड मोडायला पडावे लागत नाही, वाकून ओझे ओढणे पुरते, हे आम्हाला त्या दिवशी कळले. ते आधी माहीत असते तर तीन आठवडे वाया गेले नसते, याची खंत अजून जात नाही.

डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची गरज नाही असे सांगून टेलर ब्रेस लिहून दिला. सर्जिकल सामानाच्या दुकानात माप न घेता, नुसते सासूबाईंकडे बघून, ‘मिडियम बसेल’ असे सांगण्यात आले आणि आम्ही ते मानले. घरी आल्यावर त्या खुर्चीत बसल्या की ब्रेस वर सरके, पाठीच्या पट्ट्या मानेपर्यंत येत आणि काखेतले बंद रुतत. ‘हाई माले टोचस’ (हे मला टोचते) एवढेच त्या म्हणत आणि आम्ही सवय होईल म्हणून समजूत घालत राहिलो. आठ दिवसांनी घरी आलेल्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी टेप काढून बेंबीच्या पातळीवर पोटाचा घेर आणि माकडहाडापासून खांद्याच्या हाडापर्यंत पाठीची लांबी मोजली, तेव्हा ब्रेस एका मापाने मोठा आणि लांब निघाला. वापरलेला म्हणून दुकानाने तो बदलून दिला नाही. दुसरा घ्यावा लागला. ब्रेस चांगला की वाईट हे ठरण्याआधी तो मापाचा आहे की नाही हे ठरते, आणि माप साडीवरून नव्हे, अंगावरून घ्यायचे असते.

रचना साधी आहे. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियमच्या दोन उभ्या पट्ट्या, खाली कमरेचा पट्टा, पुढे पोटावर कापडी पदर आणि खांद्यावरून काखेत जाणारे बंद. १९ व्या शतकात न्यूयॉर्कचे डॉक्टर चार्ल्स फेयेट टेलर यांनी मणक्याच्या क्षयाच्या रुग्णांसाठी तो तयार केला. कणा पुढे वाकू द्यायचा नाही हेच त्याचे काम, आणि दबलेल्या मणक्याला पहिल्या दिवसांत हवे असते ते हेच. मापाचा ब्रेस आल्यावर पहिल्यांदा सासूबाई आधाराशिवाय वीस मिनिटे बसून जेवल्या. हे श्रेय मी त्याला मनापासून देते.

घालण्याची पद्धत मात्र कोणीतरी हाताला धरून शिकवायला हवी. सकाळी त्या पलंगावर असतानाच मी म्हणायची, ‘आई, गुडघे दुमडा, खांदा आणि कंबर एकाच वेळी वळवा.’ लाकडाचा ओंडका लोटावा तसे कुशीवर वळवून पाठीखाली ब्रेस सरकवायचा, परत उताणे करायचे, आधी पोटाचा पट्टा आणि मग खांद्याचे बंद आवळायचे. आत बिनशिवणीचा सुती बनियन असायचा. साडीचा काठ किंवा परकराची नाडी पट्टीखाली राहिली तर संध्याकाळपर्यंत कातडीवर लाल वळ उमटतो, म्हणून साडी ब्रेसच्या वरून नेसायची. चैत्र लागला तसा आमच्याकडचा उन्हाळा असह्य झाला. दुपारी घामाने बनियन दोनदा बदलावा लागे आणि काखेत पुरळ उठले. खांद्याच्या बंदांचे अस्तर फार पातळ आहे. आम्ही शिंप्याकडून त्यावर जुन्या धोतराच्या चार घड्या शिवून घेतल्या. तिसऱ्या महिन्यात वेल्क्रोही सुटू लागले. सव्वादोन हजारांच्या वस्तूत एवढे तरी टिकायला हवे होते.

आता जे सर्वांत महत्त्वाचे वाटते ते. ब्रेस हाड जोडत नाही आणि दबलेला मणका पुन्हा उंच करत नाही. हाड सांधायला साधारण दोन ते तीन महिने लागतात, ते ब्रेसशिवायही सांधते. ब्रेसमुळे ते अधिक चांगले सांधते असा भक्कम पुरावा नाही. उलट तो फार काळ घातला तर पाठीचे स्नायू दुबळे पडतात. आमच्या सासूबाईंना दुखणे थांबल्यावरही तो काढायची भीती वाटत होती. ताईंनी बाराव्या आठवड्यापासून रोज अर्धा तास, मग एक तास असा तो कमी करत नेला आणि चौथ्या महिन्याच्या शेवटी पूर्ण सोडवला.

त्याच काळात शेजारच्या काकूंनी आपुलकीने पवनमुक्तासन, म्हणजे गुडघे पोटाशी घेऊन पाठ वाकवण्याचे आसन, सुचवले होते, आणि ताईंनी ते ठामपणे बंद करायला लावले. अमेरिकेत १९८४ साली हाडे ठिसूळ झालेल्या ५९ स्त्रियांवर झालेला अभ्यास त्यांनी सांगितला: पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्क्यांच्या मणक्यांत नवी मोड दिसली, पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांत ८९ टक्क्यांच्या. अभ्यास लहान आहे, पण त्यानंतर आमच्या घरात पुढे वाकणे थांबले. भिंतीला पाठ टेकवून उभे राहणे, पालथे झोपून छाती किंचित उचलणे, खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणे, एवढेच रोज दोनदा. केरसुणीला लांब दांडा लावला, शौचालयात कमोडची खुर्ची आली, पाण्याचा हंडा ओट्यावर चढला.

औषध म्हणून नवे हाड तयार करणाऱ्या टेरिपॅराटाइडचे २० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन रोज पोटावर, जास्तीत जास्त दोन वर्षे. ते संपल्यावर दुसरे औषध सुरू केले नाही तर मिळवलेले हाड पुन्हा उतरते. जेवणात नागलीची (नाचणीची) भाकरी वाढवली, कारण १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. उंची ४ सेंटिमीटरने कमी झाली ती तशीच आहे, फासळ्या कमरेजवळ आल्याने पोट लवकर भरते, म्हणून त्या आता दिवसातून पाच वेळा थोडे थोडे जेवतात.

यंदाच्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) त्यांनी सांजोऱ्या लाटल्या, जेवणाच्या टेबलावर, उंच पोळपाटावर, ब्रेसशिवाय. गेल्या आठवड्यात नात्यातल्या एका बाईंनी आईसाठी आमचा जुना ब्रेस मागितला. मी आधी टेप देऊन त्यांच्या आईचे माप मागवले. ते कोणत्याच ब्रेसशी जुळले नाही, म्हणून दोन्ही आमच्याकडेच ठेवले आणि त्यांना माप लिहिलेला कागद घेऊन दुकानात पाठवले.