मागचे ब्रेक: हाताने आवळायचे की आपोआप?

पुण्यात नवीन कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे भरलेला ट्रक उतरवताना मागच्या ड्रमचे ब्रेक नीट लागलेले हवेत. लायनर (ड्रमला घासून चाक थांबवणारा पट्टा) आणि ड्रम यांच्यातली फट स्लॅक अ‍ॅडजस्टर या भागाने राखतात. हाताने फिरवायचा अ‍ॅडजस्टर स्वस्त आणि साधा. सपाट जागी चाकांना दगड लावा, ब्रेकच्या टाकीत पूर्ण हवा भरून पार्किंग ब्रेक सोडा, पान्याने अ‍ॅडजस्टरच्या नटाभोवतीची लॉकची कॉलर दाबून लायनर ड्रमला टेकेपर्यंत नट फिरवा, मग पाव ते अर्धा फेरा मागे. कॉलर परत बाहेर आली का, ते बघा; नाहीतर सेटिंग हलतं. डाव्या-उजव्या चाकात फरक राहिला, तर गाडी एका बाजूला ओढते.

ऑटोमॅटिक अ‍ॅडजस्टर लायनर झिजेल तसा ब्रेक मारतानाच फट भरून काढतो. महाग, पण रोज घाट उतरणाऱ्याने हाच घ्यावा, असं माझं मत. फक्त ‘ऑटोमॅटिक आहे, बघायचं काय?’ हे खरं नाही. ग्रीस लागतंच. पुशरॉड (हवेच्या दाबाने अ‍ॅडजस्टरला ढकलणारा दांडा) जास्त बाहेर येत असेल, तर पाना लावून आवळू नका (आमच्याकडे सर्रास आवळतात). अशा वेळी कॅमचे (लायनर ड्रमवर दाबणाऱ्या भागाचे) बुश, पिन किंवा अ‍ॅडजस्टरच गेलेला असतो. आवळल्याने दोष चार दिवस झाकला जातो, इतकंच.