उन्हाळी सहलीचा डबा: दशमी, पुऱ्या, धपाटे, इडली की दहीभात?

डबा किती वाजता भरणार, किती वाजता उघडणार आणि मधला वेळ तो कुठे असणार, या तीन गोष्टी आधी ठरवा. पदार्थ मग निवडा. हिवाळ्यात याच्या उलट केलं तरी निभावून जातं, एप्रिल-मेमध्ये नाही. सकाळी सहाला भरलेला डबा दुपारी एकला उघडला तर मधे सात तास जातात आणि त्यातले काही तास पारा पस्तिशीच्या वर असतो. अकोला-चंद्रपूरकडे तर तो पंचेचाळिशीला टेकतो. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत याहूनही जास्त तापतं, त्यामुळे डिकी ही डब्यासाठी सगळ्यात वाईट जागा.

अन्नसुरक्षेचा सर्वसाधारण नियम असा: शिजवलेलं ओलसर अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात दोन तासांहून जास्त ठेवू नये, आणि बाहेर ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. ग्यानबाची मेख ओलाव्यात आहे. पदार्थात पाणी जितकं कमी, तितका तो तग धरतो. म्हणून इथे कोरड्यापासून ओल्याकडे जाते.

दशमी आणि तिखटमिठाच्या पुऱ्या

लांबच्या प्रवासासाठी खरी चुरस या दोघींत आहे.

दशमीचं पीठ दुधात भिजवायचं, पाण्याचा थेंब घालायचा नाही. २ वाट्या कणकेला २ चमचे तेलाचं मोहन, चिमूटभर मीठ आणि साधारण पाऊण वाटी दूध लागतं. गोड हवी असेल तर गूळ कोमट दुधात विरघळवून घ्या. उकळत्या दुधात टाकला तर दूध फाटतं. पोळीपेक्षा जरा जाड लाटून मध्यम आचेवर भाजायची, उतरवताना तुपाचं बोट फिरवायचं. दुधातल्या स्निग्धांशामुळे ती गार झाल्यावरही मऊ राहते, आणि विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत याचं मोल कळतं. तिथे साधी पोळी दुपारपर्यंत कडक होते, दशमी मात्र बोटांनी सहज तुटते. ज्वारीच्या पिठाचीही दशमी करतात आणि चवीला ती गव्हाच्या दशमीपेक्षा सरस लागते, पण वाटेत मोडते. ती न्यायची तर त्याच दिवशी संपवायची.

पुरीची बाजू वेगळी आहे. २ वाट्या कणीक, पाव वाटी बेसन, चमचाभर रवा, तिखट, मीठ, हळद, हिंग, ओवा, तीळ आणि कडकडीत तेलाचं मोहन. पीठ घट्ट भिजवलं की पुरी तेल कमी पिते. ताटात वाढायची पुरी टम्म फुगलेली आणि पातळ पापुद्र्याची असावी, हे खरं. डब्याच्या पुरीला तो नियम लागू नाही. पातळ पुरी गार झाली की चामट होते, किंचित जाड लाटलेली मऊ राहते. पुरीला स्वतःची चव असते, त्यामुळे सोबत काही नसलं तरी नुसती खाता येते. चालत्या गाडीत मुलांच्या हातात द्यायला तिच्याइतकं सोयीचं काही नाही.

मग घ्यायचं काय? गाडीने जाणार असाल, मुलं बरोबर असतील, डबा दुपारच्या आत संपणार असेल तर पुऱ्या. उन्हात चालायचं असेल, किल्ला चढायचा असेल तर दशमी. पुरीने तहान वाढते आणि तळणीचं खाऊन दुपारच्या उन्हात चढण जड जाते. मोठ्या माणसाला ३ दशम्या किंवा ६-७ पुऱ्या धरा.

दोन्हींना एक गोष्ट सारखीच लागू आहे: पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. गरम दशम्या रचून झाकण लावलं की वाफ झाकणाच्या आतल्या बाजूला धरते, तिचे थेंब वरच्या दशमीवर पडतात आणि तिथे ती चिकट होते. वास यायला सुरुवात तिथूनच होते. सुती कापडावर सुट्या पसरून ठेवा, अर्ध्या तासाने कापडातच गुंडाळून डब्यात घाला. अॅल्युमिनियम फॉइलपेक्षा कापड बरं, कारण ते उरलीसुरली वाफ टिपून घेतं.

धपाटे आणि थालीपीठ

दिसायला बहिणी, पण प्रवासात दोघींचा स्वभाव निराळा. थालीपिठाची खरी गंमत तव्यावरून थेट ताटात येण्यात आहे: कडा कुरकुरीत, मधल्या भोकात लोण्याचा गोळा. गार झालं की भाजणी घट्ट होते आणि घास घशाखाली उतरायला पाणी लागतं. त्यातला कांदाही अडचणीचा. चिरलेल्या कांद्याला पाणी सुटतं आणि उन्हाळ्यात काही तासांत त्याचा वास बदलतो.

मराठवाडा-सोलापूरकडचे धपाटे मात्र वाटेसाठीच जन्मले असावेत, असं मला नेहमी वाटतं. ज्वारीचं पीठ, त्यात थोडं बेसन आणि कणीक, लसूण-मिरची-जिऱ्याचं वाटण, तीळ, आणि भिजवायला ताक किंवा दही. ओल्या कापडावर पातळ थापून तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजायचे. पातळ असल्यामुळे आतपर्यंत भाजले जातात, म्हणजे ओलावा कमी राहतो. दह्याची आंबट चव गार खातानाही छान लागते. सकाळी केलेले धपाटे संध्याकाळपर्यंत खुशाल खावेत. कांदा न घालता करा आणि हवा तर तिथे बसल्यावर बुक्कीने फोडून बरोबर घ्या. या जोडीत निवड अवघड नाही: घरच्या अंगणात किंवा शेतात चूल मांडून जेवणार असाल तर थालीपीठ, डबा न्यायचा असेल तर धपाटे.

दहीभात आणि इडली

उन्हात भूक मरते. कोरडं काही नको वाटतं, गार आणि मऊ हवं असतं. त्या क्षणी दहीभाताला तोड नाही, आणि नेमका तोच सगळ्यात सांभाळून न्यायचा पदार्थ आहे. शिजवूनही न मरणारे काही जिवाणूंचे बीजाणू भातात असतात. भात कोमट राहिला की ते रुजतात आणि पोट बिघडवणारं विष तयार होतं. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून काम करायचं ते भात लवकर गार करण्याचं. १ वाटी तांदळाचा मऊ भात करा, परातीत पसरून पंख्याखाली गार करा, डावाने घोटा, दीड-दोन वाट्या गार दूध घाला आणि वरून फक्त २-३ चमचे दही. नुसतं दही घालून नेलं तर दुपारपर्यंत भात आंबट ढाण होतो. दूध जास्त ठेवलं की खाण्याच्या वेळेपर्यंत ते हळूहळू विरजत येतं आणि भात बेताचा आंबट होतो. हिंग, जिरं, मिरची, कढीपत्त्याची फोडणी गार करून वर घाला. तळलेली सांडगी मिरची मात्र वेगळ्या पुडीत न्या, पानात वाढताना चुरायची.

हे सगळं केल्यावरही दहीभात गारच राहिला पाहिजे. त्याला बर्फाची पेटी किंवा फ्रीजमध्ये ठेवून गार केलेला थर्मासचा डबा हवा. पेटी नसेल तर आदल्या रात्री पाण्याच्या दोन बाटल्या पाऊण भरून फ्रीझरमध्ये ठेवा (पूर्ण भरल्या तर बर्फ फुगून बाटली तडकते) आणि जाड पिशवीत डब्याच्या दोन्ही बाजूंना लावा. दुपारी तेच पाणी प्यायला होतं. यातलं काहीच जमणार नसेल तर दहीभाताचा विचार सोडून द्या. आंबटपणा सांभाळून घेईल या भरवशावर राहू नका.

इडलीही ओलीच, पण तिचं नेणं-खाणं जास्त सुटसुटीत. आंबवलेल्या पिठामुळे तिला थोडं संरक्षण असतं, सांडत नाही, चमचा लागत नाही. मात्र वरचा नियम तिलाही आहे, म्हणून ती सकाळच्या मुक्कामावर, न्याहारीला संपवावी किंवा बाटल्यांच्या त्याच गार पिशवीत ठेवावी. तिला घातक काय तर ओल्या खोबऱ्याची चटणी. उन्हाळ्यात ही चटणी डब्यात नेऊच नये, सहलीवरून आल्यावर पोट बिघडलं तर पहिला संशय तिच्यावर घ्यावा. त्याऐवजी इडल्यांना तिळाच्या तेलात कालवलेली डाळींची चटणीपूड चोपडा. तेलामुळे त्या सुकत नाहीत आणि एकमेकींना चिकटत नाहीत. फोडणीच्या इडल्या नेण्याचाही प्रघात आहे, पण त्या कोरड्या पडतात आणि मुलं अर्ध्या टाकतात.

म्हणजे गार ठेवायची पक्की सोय असेल, सावलीत निवांत बसायचं असेल, बरोबर आजी-आजोबा असतील तर दहीभात. सोय बेताची आणि थांबे अनेक, तर इडली, तीही लवकर खाण्यासाठी.

सँडविचबद्दल थोडक्यात. काकडी-टोमॅटो घातलेलं सँडविच दोन तासांत ओलं होतं. पावाच्या दोन्ही बाजूंना लोणी लावलं, चटणी फुटाण्याच्या डाळ्यात घट्ट वाटली आणि टोमॅटो तिथे जाऊन चिरला तर बरं टिकतं. मेयोनेज नकोच. उकडलेल्या बटाट्याचं सारणही नको. पुऱ्यांबरोबर सुद्धा उकडलेल्या बटाट्याच्या भाजीपेक्षा काचऱ्या न्या: पातळ चकत्या, तेलावर परतलेल्या, पाणी न घातलेल्या.

भडंग की चिवडा

चार वाजताच्या खाण्याला सांगली-कोल्हापूरकडचं भडंग मला चिवड्यापेक्षा आवडतं, कारण तिथल्या तिथे कांदा, कैरी, कोथिंबीर घालून त्याची भेळ होते. पण कोकणात, समुद्रकाठी जाणार असाल तर चुरमुरे डबा उघडताच सादळतात. तिथे तळलेल्या जाड पोह्यांचा चिवडा जरा जास्त वेळ कुरकुरीत राहतो. देशावरच्या कोरड्या हवेत भडंगाला काही होत नाही.

तोंडी लावायला

डब्याची चव निम्मी इथे ठरते. लसूण आणि सुक्या खोबऱ्याची चटणी, शेंगदाण्याची कुटलेली चटणी, कारळाची, जवसाची: यांतल्या कोणत्याही दोन न्या, उन्हाने त्यांना काही होत नाही. पण उन्हाळ्याचा खरा मान कैरीच्या तक्कूचा. किसलेली कैरी, तिच्या निम्मा गूळ, तिखट, मीठ आणि मोहरी-मेथी-हिंगाची गार केलेली फोडणी. कैरीचा आंबटपणा, मीठ आणि गूळ यांच्यामुळे तो दिवसभर सहज टिकतो, आणि कोरड्या दशमीला लागतो तेवढा रस त्याच्यात असतो. मेथांबा आणखी टिकतो, पण तो शिजवलेला, त्यात कैरीचा करकरीतपणा नाही. धपाट्यांना ठेचा, दशमीला तक्कू, मुलांच्या पुरीला साखरांबा, अशी माझी वाटणी असते.

पेय

पन्हं तयार करून नेऊ नका. उकडलेल्या कैरीचा गर गूळ, वेलची, मीठ घालून घट्ट करा, छोट्या बरणीत भरा आणि तिथे गार पाण्यात कालवा. वजन वाचतं, गार ठेवायला एक बरणीच असते. कोकमाचं आगळही असंच सोयीचं, आणि ते खारट असल्यामुळे टिकायची काळजी पन्ह्यापेक्षा कमी. सोलकढी मात्र नारळाच्या दुधामुळे उन्हात लवकर नासते, ती घरी जेवताना प्या.

जाणार कुठे, यावरही पाहा

सिंहगडावर झुणका-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही मिळतं, तिथे भरलेला डबा वाहून नेण्यात अर्थ नाही. एखादी कोरडी चटणी आणि पाणी पुरे. माथेरानला खासगी गाड्या दस्तुरीच्या पुढे जात नाहीत, डबा हातातून न्यावा लागतो, म्हणून बर्फाची पेटी तिथे ओझं होते. दशमी किंवा धपाटे घ्या. माकडांचा उपद्रव असलेल्या ठिकाणी पातेली मांडून बसायचे पदार्थ टाळा. हातात धरून चटकन खाता येतील असे न्या, आणि माकडांना त्यातलं काही देऊ नका. ताटांसाठी पानाच्या पत्रावळी घ्या. राज्यात २०१८ पासून थर्माकोलच्या आणि एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या ताटवाट्यांवर बंदी आहे.

उरलं तर

कुणी फारसं विचारात घेत नाही, पण निवडताना हेही धरावं. उरलेल्या दशम्यांचा संध्याकाळी दूध-गुळात कुस्करा होतो, पुऱ्या चहाबरोबर जातात, धपाटे तव्यावर तेल सोडून पुन्हा खरपूस होतात. दहीभात, इडली, सँडविच मात्र घरी परत आणू नयेत. टाकवत नाही म्हणून रात्री खाल्लं जातं आणि तेच बाधतं. म्हणून ओल्या पदार्थांचं माप माणशी मोजून घ्या, थोडं कमीच. कोरड्यांचं सढळ हाताने.