वेळ चुकलेला स्कॅन: वर्गणीचा अँटीव्हायरस की विंडोजचा डिफेंडर?

घरच्या संगणकावर कोणता अँटीव्हायरस ठेवावा, हा प्रश्न बहुतेक जण 'कोणता जास्त व्हायरस पकडतो' या अंगाने विचारतात. माझ्यापुढे तो वेगळ्याच बाजूने आला. मी सात वर्षे वर्गणी भरून एक अँटीव्हायरस वापरला आणि गेली तीन वर्षे विंडोजसोबतच येणाऱ्या मायक्रोसॉफ्ट डिफेंडरवर आहे. या दहा वर्षांत माझ्या माहितीप्रमाणे व्हायरसमुळे माझी एकही फाइल गेली नाही. मात्र व्हायरस शोधणाऱ्या स्कॅनमुळे माझे कितीतरी तास गेले. म्हणून पुढची तुलना आपण कामात असताना स्कॅन कसा वागतो, एवढ्यापुरतीच आहे. ज्यांना काटेकोर मोजणी हवी आहे त्यांनी जर्मनीतील एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या संस्थांचे अहवाल अवश्य पाहावेत. अँटीव्हायरसमुळे संगणक किती मंदावतो याची तपासणीही या संस्था करतात. माझ्याकडे आहे तो केवळ वापराचा अनुभव.

दोन्ही पर्यायांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट सांगणे भाग आहे, कारण तिच्याकडे दुर्लक्ष करून केलेली कोणतीही तुलना फसते. स्कॅन सुरू झाला की संगणक गुदमरतो, त्याचे कारण अनेकदा प्रोसेसरमध्ये नसून डिस्कमध्ये असते. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला इतस्ततः विखुरलेल्या लहान फाइली वाचायला सांगितल्या, तर ती सेकंदाला साधारण शंभर-दीडशे वेळाच वाचू शकते, कारण प्रत्येक वेळी तिच्या वाचणाऱ्या टोकाला जागा बदलावी लागते. एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, हेच काम सेकंदाला हजारो वेळा करते. पूर्ण स्कॅन म्हणजे लाखो लहान फाइली एकामागून एक उघडणे, आणि त्याच वेळी आपण ब्राउझर उघडला की तेच एक टोक दोन मालकांची कामे करू लागते. कोणता प्रोग्राम किती ताण देतो हे दाखवणारा विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून डिस्कचा रकाना पाहावा. प्रोसेसर तीस टक्क्यांवर आणि डिस्क शंभर टक्क्यांवर असे चित्र असेल, तर अँटीव्हायरस बदलून मिळणारा फरक थोडा असेल आणि एसएसडी बसवून मिळणारा फरक फार मोठा असेल. माझ्या संगणकात आजही विंडोज एसएसडीवर आणि जुना संग्रह हार्ड डिस्कवर आहे, त्यामुळे दोन्ही प्रकारचे हाल मला ठाऊक आहेत.

आता वर्गणीच्या अँटीव्हायरसविषयी. कंपनीचे नाव घेत नाही, कारण मी सांगणार आहे तो दोष एकाच कंपनीचा आहे असे मला वाटत नाही. त्याच्या जमेच्या बाजू खऱ्या होत्या. आधी तपासलेली आणि नंतर न बदललेली फाइल तो पुढच्या वेळी सोडून देत असे, त्यामुळे पहिला पूर्ण स्कॅन चार तास चालला तरी नंतरचे दीड-दोन तासांत आटोपत. एखादा फोल्डर फक्त साप्ताहिक स्कॅनमधून वगळून त्यावरचा रोजचा पहारा (फाइल लिहिताना किंवा उघडताना त्याच क्षणी होणारी तपासणी, म्हणजे रिअल-टाइम संरक्षण) तसाच ठेवता येत असे, आणि ही सोय मला आजही आठवते. स्कॅनचे वेळापत्रकही दोन-तीन क्लिकमध्ये, सरळ भाषेत ठरवता येत होते.

त्या वेळापत्रकातच अडचण होती. मूळ वेळ रविवारी पहाटे दोनची होती. कंपनीच्या दृष्टीने ही शहाणपणाची वेळ असेल, पण घरचा संगणक पहाटे दोन वाजता बंद असतो. स्कॅन हुकला की प्रोग्राम ती नोंद ठेवत असे आणि संगणक पुन्हा सुरू होताच हुकलेले काम हाती घेत असे. संगणक आपण सुरू करतो ते काही काम करायचे असते म्हणूनच. म्हणजे ज्या वेळी आपल्याला त्याची सर्वांत जास्त गरज, नेमक्या त्याच वेळी स्कॅनने डिस्कचा ताबा घ्यावा, अशी ही रचना होती.

एका सकाळचा प्रसंग मला तपशिलाने आठवतो. एक अर्ज बारा वाजायच्या आत ऑनलाइन भरायचा होता आणि त्याला सात कागद जोडायचे होते. मी साडेदहाला संगणक सुरू केला. फाइल जोडण्यासाठी खिडकी उघडली, तेव्हा त्यातली फोल्डरांची नावे एकेक करून, जणू कोणी हाताने लिहीत असावे तशी उमटू लागली. हार्ड डिस्कची बारीक करकर अखंड चालू होती. घड्याळाशेजारच्या अँटीव्हायरसच्या चिन्हावर माउस नेला, तर स्कॅन आठ टक्क्यांवर होता आणि जुन्या फोटोंच्या एका मोठ्या झिप फाइलच्या आत शिरलेला होता. झिपच्या आतली प्रत्येक फाइल तात्पुरती उलगडून पाहावी लागते, त्यामुळे अशा ठिकाणी स्कॅन बराच काळ अडकून राहतो. मी 'पुढे ढकला' निवडले. त्यात 'एक तास' एवढाच पर्याय होता. अर्ज भरता भरता, चार कागद जोडून झाले असताना, बरोबर एका तासाने स्कॅन पुन्हा सुरू झाला आणि आकडा शून्यावर होता. आठ टक्क्यांपर्यंत झालेले काम त्याने धरलेच नव्हते. अर्ज बाराला सहा मिनिटे कमी असताना गेला. तो गेला, तरी त्या दिवशी माझा निर्णय झाला होता.

त्यानंतर मी सेटिंग्जमध्ये शोध घेतला. हुकलेला स्कॅन सुरुवातीलाच चालवण्याचा पर्याय बंद करता येत होता, हे खरे. पण तो बंद केल्यावर 'तुमचा संगणक गेले इतके दिवस तपासलेला नाही' अशी लाल पट्टी रोज दिसू लागली, आणि काही महिन्यांनी प्रोग्रामची नवी आवृत्ती आली तेव्हा पर्याय आपोआप पूर्ववत झालेला आढळला. सर्वच अँटीव्हायरस असे करतात असा माझा दावा नाही. सध्याच्या काही उत्पादनांत संगणक मोकळा असतानाच स्कॅन चालवण्याची उत्तम सोय आहे असे मी ऐकतो.

डिफेंडरकडे मी नाइलाजाने आलो आणि त्याच्याविषयी फारसे बरे मत घेऊन आलो नव्हतो. २०१२ साली विंडोज ८ सोबत तो पूर्ण अँटीव्हायरस म्हणून आला, तेव्हा 'काहीच नसण्यापेक्षा बरा' असेच सर्वसाधारण मत होते, आणि माझ्या मनात तेच घर करून बसले होते. वापरायला लागल्यावर पहिले दोन आठवडे मला वाटत होते की तो स्कॅन करतच नाही. शेवटी सुरक्षेच्या पानावर जाऊन पाहिले, तेव्हा शेवटचा क्विक स्कॅन, म्हणजे मोजक्या जागांची झटपट तपासणी, आदल्या दिवशी, मी संगणक चालू ठेवून जेवायला उठलो होतो त्या सुमारास झालेला दिसला. त्याचा ठरलेला स्कॅन मूळ मांडणीत संगणक चालू आहे पण कोणी वापरत नाही अशी वेळ पाहून चालतो. माझ्यासाठी पारडे झुकले ते इथे.

मात्र डिफेंडरलाही दोष नाहीत असे नाही, आणि ते लपवणे योग्य होणार नाही. त्याचे वेळापत्रक बदलण्याची सोय त्याच्या स्वतःच्या खिडकीत नाहीच. टास्क शेड्युलर, म्हणजे ठरलेल्या वेळी कामे चालवणारे विंडोजचे साधन, उघडून मायक्रोसॉफ्ट, मग विंडोज, मग विंडोज डिफेंडर अशा फोल्डरांतून खाली उतरावे लागते, आणि तिथे 'शेड्यूल्ड स्कॅन' नावाचे काम सापडते. सामान्य वापरणाऱ्याने इतक्या खोल जावे ही अपेक्षा रास्त नाही. पण एकदा तिथे पोहोचल्यावर मला हवे ते सर्व मिळाले: वार आणि वेळ, संगणक किती मिनिटे मोकळा असावा, लॅपटॉप विजेला जोडलेला असावा की नाही, आणि सेटिंग्जच्या पानावर ठरलेली वेळ हुकल्यास काम शक्य तितक्या लवकर सुरू करावे का, अशी एक चौकट. ती चौकट रिकामी ठेवता येते. ज्या एका गोष्टीने मला सात वर्षे छळले, ती इथे माझ्या हातात आली.

दुसरा दोष प्रोसेसरचा. टास्क मॅनेजरमध्ये 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' हे नाव सर्वांत वर पाहून अनेकांना तो व्हायरसच वाटतो. तो डिफेंडर आहे. ठरलेल्या स्कॅनसाठी प्रोसेसरच्या वापराची मूळ मर्यादा सरासरी पन्नास टक्के असते आणि पॉवरशेलमधून, म्हणजे विंडोजला टाइप करून आज्ञा देण्याच्या खिडकीतून, ती कमी करता येते. मी ती वीसवर आणली आहे. ही मर्यादा सरासरीची असल्यामुळे अधूनमधून वापर तिच्यावर जातो, आणि आपण स्वतः बटण दाबून सुरू केलेल्या स्कॅनला ती लागूच होत नाही. त्यामुळे 'मर्यादा घातली तरी पंखा गरगरतो' अशी तक्रार करण्यापूर्वी स्कॅन कोणी सुरू केला होता, हे पाहावे.

तिसरी गोष्ट मला खरोखर खटकते. हजारो बारीक फाइली असलेला फोल्डर एका जागेवरून दुसरीकडे नेताना किंवा मोठी झिप उलगडताना डिफेंडरचा रोजचा पहारा मला जुन्या अँटीव्हायरसपेक्षा जड वाटतो. घड्याळ लावून मोजलेले नाही, पण हाताला फरक जाणवतो. यावर फोल्डर वगळण्याचा उपाय सुचवला जातो, परंतु डिफेंडरमध्ये वगळलेला फोल्डर ठरलेल्या स्कॅनमधून आणि रोजच्या पहाऱ्यातूनही सुटतो. म्हणून डाउनलोड्स, डेस्कटॉप किंवा तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर कधीही वगळू नये. मी फक्त एका आभासी यंत्राची, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने चालणाऱ्या दुसऱ्या संगणकाची, डिस्क-फाइल वगळली आहे, तीही आत स्वतंत्र संरक्षण असल्यामुळे.

इथे एक शंका रास्त आहे: साप्ताहिक पूर्ण स्कॅन सोडून क्विक स्कॅनवर भिस्त ठेवणे धोक्याचे नाही का? माझीही हीच शंका होती. रोजचा पहारा फाइल लिहिली किंवा उघडली जाते त्याच क्षणी ती तपासतो. जुन्या झिपमध्ये पडून असलेली घातक फाइल बाहेर काढून चालवल्याशिवाय काही करू शकत नाही, आणि बाहेर काढताना ती पहाऱ्याच्या नजरेखालून जाते. क्विक स्कॅन मेमरी, संगणकासोबत आपोआप सुरू होणारे प्रोग्राम आणि व्हायरस सहसा जिथे ठाण मांडतात त्या जागा पाहतो. मायक्रोसॉफ्टचाही सल्ला साधारण असाच आहे की रोजचा पहारा चालू असेल तर बहुतेकांना क्विक स्कॅन पुरतो. पूर्ण स्कॅनचा उपयोग उरतो तो प्रामुख्याने पूर्वी न ओळखलेली जुनी फाइल नव्या माहितीच्या आधारे सापडावी यासाठी. मी तो दोन-तीन महिन्यांतून एकदा, घराबाहेर जाताना हाताने सुरू करून निघतो. परत येईपर्यंत तो संपलेला असतो, आणि नसला तरी माझे काही अडलेले नसते.

पहारा जागा आहे की नाही हे तपासण्यासाठी आयकार ही ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी-फाइल जगभर वापरली जाते. ती मी दोन्हींवर वापरली आणि दोघांनीही ती साठवताक्षणी उचलली. यातून कोण अधिक हुशार हे कळत नाही, फक्त पहारेकरी झोपलेला नाही एवढे कळते. एखाद्या फाइलविषयी संशय असेल तर संपूर्ण संगणक स्कॅन करत बसण्यापेक्षा तेवढीच फाइल व्हायरसटोटल या संकेतस्थळावर तपासणे मला सोयीचे वाटते. तिथे ती एकाच वेळी अनेक अँटीव्हायरसांकडून तपासली जाते. मात्र तिथे चढवलेली फाइल सुरक्षा क्षेत्रातील इतरांपर्यंत पोहोचू शकते, त्यामुळे खासगी कागदपत्रे तिथे कधीही टाकू नयेत.

वर्गणीचा अँटीव्हायरस कोणी घ्यावा? घरात वेगवेगळ्या प्रकारचे पाच-सहा संगणक आणि फोन असतील आणि सर्वांचे व्यवस्थापन एका जागेवरून हवे असेल, किंवा घरातील वडीलधाऱ्यांना अडचण आल्यावर फोन करून विचारता येईल असा माणूस हवा असेल, तर वर्गणीचे पैसे वाया जातात असे मी म्हणणार नाही. टास्क शेड्युलरच्या वाटेला जाण्याची ज्यांची तयारी नाही त्यांनीही तो विचार करावा, जरी डिफेंडरची मूळ मांडणी न बदलताही मला कधी कामात अडथळा आला नव्हता. दोन्ही एकत्र ठेवण्याचा मोह मात्र टाळावा. दुसरा अँटीव्हायरस बसवला की डिफेंडर सहसा स्वतःच बाजूला होतो. तरीही त्याचा अधूनमधूनचा स्कॅन वेगळा चालू करता येतो. हार्ड डिस्कच्या संगणकावर मी तो करून पाहिला आणि एकाऐवजी दोन स्कॅनांची करकर ऐकावी लागली.

वर्गणी संपायला काही महिने उरले असतील तर घाई करू नये. सध्याच्या अँटीव्हायरसच्या सेटिंग्जमध्ये हुकलेल्या स्कॅनचा पर्याय आधी शोधावा आणि तो बंद करून एखादा महिना पाहावे. तो बंद राहिला आणि लाल पट्टीचा त्रास नसेल, तर कदाचित बदलण्याची गरजच पडणार नाही. बदलायचे ठरलेच, तर नेहमीच्या पद्धतीने अनइन्स्टॉल केल्यावर त्या कंपनीचे स्वतंत्र काढून टाकण्याचे साधन उपलब्ध असल्यास तेही चालवावे, कारण मागे राहिलेले त्याचे काही भाग पुढे विनाकारण संगणक मंदावतात. मग संगणक पुन्हा सुरू करून विंडोज सिक्युरिटीच्या पानावर डिफेंडरचा रोजचा पहारा चालू झाला आहे ना, हे डोळ्यांनी पाहूनच इंटरनेटवर जावे. माझ्याकडे तो लगेच चालू झाला नव्हता. अपडेट हाताने घेतल्यावर हिरवी खूण आली.