बिलेट सांगून बीड विकलं : टर्बो गाडीचे कॅम घेताना १,३९,६५० रुपये गेले

कॅमच्या, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टच्या, जोडीचे ७४,०००. ‘कस्टम ड्युटी’चे म्हणून ९,८५०. बसवणीचे, टायमिंग बेल्ट, गास्केट आणि ऑइल धरून, १८,६००. मग तेच सगळं उतरवून मूळ कॅम परत घालायचे १४,२०० आणि २० नव्या टॅपेटचे (कॅम आणि व्हॉल्व्हमधल्या टोप्यांचे) २३,०००. एकूण १,३९,६५० रुपये. लिहितानाही लाज वाटते, पण हे कॅम विकणारा माणूस अजून राजरोस विकतोय, म्हणून लिहिणं भाग आहे.

गाडी पहिल्या पिढीची ऑक्टाव्हिया आरएस. १.८ टर्बो, सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह. इनटेक कॅमवर १२ लोब (व्हॉल्व्ह दाबणारे उंचवटे), एक्झॉस्टवर ८. पद्धत नेहमीचीच : इन्स्टाग्रामवर फोटो, व्हॉट्सॲपवर गोड बोलणं, निम्मे आगाऊ, बाकीचे पार्सल निघताना. युरोपातले नवे बिलेट (अखंड सळईतून कापलेल्या) स्टीलचे कॅम म्हणून प्रत्यक्षात भंगारातून आणलेले कंपनीचे जुने, बिडाचे म्हणजे ओतीव लोखंडाचे कॅम ग्राइंड करून, वर काळा फॉस्फेटचा लेप देऊन पाठवले. कोणी म्हणेल, एवढं कळतं तर फसलात कसे? विक्रेत्याने डायल गेज लावून लिफ्ट (लोब व्हॉल्व्हला किती दाबतो ते) दाखवणारा व्हिडिओ पाठवला होता. ड्युरेशन (व्हॉल्व्ह किती अंश उघडा राहतो), लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्ट लोबांमधलं अंतर), ओव्हरलॅप (दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह किती अंश एकदम उघडे) यांवर तो अर्धा तास नीट बोलला. कॅमची मापं लिहिलेलं, शिक्का मारलेलं कार्ड दिलं, जीएसटी क्रमांकाचं बिल दिलं. अडाण्यासारखे पैसे फेकलेले नाहीत.

आणि डायलवर लिफ्ट खरोखर कार्डाप्रमाणेच येते, तिथेच घात होतो. लिफ्ट म्हणजे लोबची पूर्ण उंची वजा बेस सर्कलचा, म्हणजे खालच्या गोल भागाचा, व्यास. टोकाला हात न लावता खालचा गोल भाग ०.८ मिमी घासला की लिफ्ट आपोआप ०.८ मिमीने वाढते. म्हणून डायल पुरेसा नाही, मायक्रोमीटर लागतो. लोबच्या अरुंद बाजूने बेस सर्कल मोजायचं आणि आपल्या मूळ कॅमशी ताडून बघायचं. या कॅमचं बेस सर्कल व्यासात १.६ मिमीने, म्हणजे चहूबाजूंनी ०.८ ने, बारीक निघालं. त्यात १२ लोबांमध्ये आपापसांतच ०.०९ मिमीचा फरक! नव्या, चांगल्या कॅममध्ये हा फरक मिमीच्या एक-दोन शतांशांच्या पुढे जात नाही.

पण हे मोजलं बसवल्यानंतर. पार्सल उघडलं त्या संध्याकाळी मायक्रोमीटर समोरच्या खणात होता. कॅम हातात घेतला, दोन लोबांच्या मधल्या भागावरून अंगठा फिरवला, तर खरखरीत लागलं आणि लांबीभर एक बारीक उंचवटा गेलेला. साच्याच्या दोन भागांची शिवण. बिलेट कॅम अखंड सळईतून लेथवर काढतात. त्याच्यावर टूलच्या बारीक गोल रेघा दिसतात, शिवण कुठून येणार? मागच्या टोकाला ओतीव नंबर असतो ती जागाही ग्राइंडरने सपाट केलेली होती, लेपाखालूनसुद्धा दिसत होती. कोल्हापुरात राहायचं, शिरोलीच्या फाउंड्रीतला माल रोज बघायचा, आणि अंगठ्याखाली बिडाची शिवण आली असताना ‘लेप जाड बसला असेल’ अशी मनाची समजूत घालायची. त्या क्षणी थांबलो असतो तर निदान बसवणीचे आणि टॅपेटचे पैसे वाचले असते. रोज आठवतं आणि रोज संताप येतो.

‘कस्टम’चंही तेच. ड्युटी भरलेली असेल तर बिल ऑफ एंट्री असतं. ते मागा, आणि नाही म्हणाला तर तिथेच व्यवहार तोडा. पार्सलवर राज्यातल्याच गावाचा शिक्का होता.

ग्राइंड केलेल्या कॅमचं पुढे काय होतं? टॅपेटला ०.८ मिमी जास्त वर यावं लागतं. जुन्या हायड्रॉलिक टॅपेटला ते झेपत नाही; गरम इंजिनावर टकटक सुरू होते. लोबच्या बाजूचा कडक थर घासला गेला असेल तर पृष्ठभाग सोलवटतो. ऑइल फिल्टर कापून बघितला तेव्हा ११०० किमीतच घड्यांमध्ये चकाकणारा चुरा होता. लोबच्या बाजूला कडकपणा ३४ रॉकवेल सी आला. चिल्ड (ओतताना झटकन थंड करून कडक केलेल्या) बिडाच्या लोबला तो ४५ च्या वर हवा. ही तपासणी ६०० रुपयांत होते. बसवण्याआधी करा.

प्रोफाइलही खोटं. कार्डावर ड्युरेशन २५६ अंश आणि लोब सेपरेशन ११३, म्हणजे ओव्हरलॅप ३०. डिग्री व्हील (अंशांच्या खुणांची चकती) लावल्यावर निघाले २७६ आणि १०८, म्हणजे ओव्हरलॅप ६०. हे बिनटर्बोच्या इंजिनाचं प्रोफाइल. कारखान्याच्या लहान के०३ टर्बोवर वरच्या आरपीएमला टर्बाइनच्या आधीचा दाब इनटेकमधल्या बूस्टपेक्षा जास्त असतो. दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह एकदम उघडे राहिले की जळालेला धूर उलटा इनटेकमध्ये शिरतो. आयडलला गाडी थरथरते, पिकअप मरतो. २१०० ला मिळणारा पूर्ण बूस्ट २९०० ला मिळायला लागला. ड्युरेशन किती लिफ्टवर मोजलंय, ०.१ मिमीवर की १ मिमीवर, हे न सांगणाऱ्याकडून कॅम घेऊ नका.

विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं : ‘तुमच्या मेकॅनिकने टायमिंग चुकवलं.’ खोटं आहे. दोन कॅमच्या खुणांमध्ये चेनचे १६ रोलर मोजून घेतले होते, प्रत्येक लोबला पेस्ट लावली होती, टॅपेट बसायला अर्धा तास थांबून मगच इंजिन हाताने दोन फेरे फिरवलं, आणि पहिली २० मिनिटं २००० च्या वर चालवलं. या सगळ्याचे फोटो आहेत. तुम्हीही काढून ठेवा, नाहीतर हाच आरोप तुमच्यावर येईल.

आता तक्रारीचं. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी ‘हा सिव्हिल मॅटर आहे’ म्हणून परत पाठवलं. दुसऱ्यांदा सांगितलं, पैसे ऑनलाइन गेलेत, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, माल मिळालाय ना, मग ठाण्यात जा. तिसऱ्यांदा ठाण्यात गेल्यावर उलट प्रश्न : इंजिनात बदल केलेत, आरसीवर नोंद आहे का? पैसे आमचे गेले आणि जबाबही आम्हीच द्यायचा! मोजमापांचा तक्ता, कडकपणाचा अहवाल, दोन्ही कॅमचे शेजारी ठेवून काढलेले फोटो नेले होते. फाइल कोणी उघडलीही नाही. पोचपावतीवर ‘कॅमेराशाफ्ट’ असं लिहून दिलंय. अकरा आठवडे झाले, एक फोन नाही. बँकेचं एका ओळीचं उत्तर : व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केला होता. जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकला तर तो कपड्यांच्या दुकानाचा निघाला. हेही दाखवलं. त्यावर ‘बघतो’.

‘सिव्हिल आहे’ हे मुकाट ऐकून घेऊ नका. खोटं सांगून पैसे काढणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक आहे. ठाण्याने नोंद नाकारली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पोस्टाने पाठवता येतो. ग्राहक आयोगात तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो, आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. पैसे गेल्यागेल्या १९३० वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. चार दिवस विचार करण्यात घालवू नका. जीएसटी क्रमांक पैसे देण्याआधी तपासा, दोन मिनिटं लागतात.

आता विक्रेत्याचा निरोप आलाय : ‘कॅम परत पाठवा, रिफंड करतो.’ पाठवणार नाही. ते कॅम हाच एकमेव पुरावा आहे. ऑइल लावून, कागदात गुंडाळून कुलपात ठेवलेत. त्याचा व्हिडिओ मात्र अजून नव्या खात्यांवरून फिरतोय. हिरवी रबरी चटई, दोन व्ही-ब्लॉक आणि काचेला कोपऱ्यात तडा गेलेलं डायल गेज. ते दिसलं की समजा, तोच आहे.